डावीकडे वळणारी पहिली गाडी

ग्रीनफील्ड, पिट्सबर्ग
६ ऑक्टोबर

प्रिय डॅरिल,

जुलैनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. तुझी पत्रं येत राहिली आणि मी ती फ्रिजवर चुंबकाखाली लावत राहिले, म्हणजे येताजाता लाज वाटावी. आधी उन्हाळा आडवा आला, मग लायब्ररीत एका मेलेल्या प्राध्यापकाच्या कागदांचे खोकेच्या खोके आले. ही कारणं खरी आहेत. पण गेले पंधरा दिवस लिहिलं नाही ते ठरवून.

बाबा मला रोज सकाळी कामावर सोडतात हे तुला माहीत आहे. आई गेल्यापासून त्यांचा दिवस तिथूनच सुरू होतो. आधी खाली जाऊन गाडी तापवून ठेवायची, मला टेकडी उतरवून लायब्ररीच्या दाराशी सोडायचं, येताना डोनट आणि पेपर घ्यायचा. बस आमच्या कोपऱ्यावरूनच सुटते, तिच्यात मला वाचतही येईल. पण तसं म्हटलं की ते म्हणतात, "मग मी सकाळी काय करू? भिंतीशी गप्पा मारू?"

चोवीस सप्टेंबरला टेकडीखालच्या सिग्नलला, बेकरीच्या चौकात, आमची गाडी सगळ्यांत पुढे होती. चौकाच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून, एक पांढरी व्हॅन होती, हॉटेलांच्या चादरी धुऊन पोचवणाऱ्यांची, डावीकडे वळायचा दिवा लावलेली. सिग्नल हिरवा झाला. व्हॅन आमच्या पुढून वळली. आमच्या उजव्या हाताला एक बाई रस्ता ओलांडत होत्या, चाकांची पिशवी ओढत, पलीकडच्या बस स्टॉपकडे. त्यांनाही चालायचा दिवा होता. व्हॅननं त्यांना उडवलं.

त्यांची पिशवी पडली नाही. रस्त्यात तशीच उभी राहिली. मला ते सारखं आठवतं, आणि बाई सोडून पिशवी का आठवावी, याचाही राग येतो.

ओडेट ब्रॅक्स्टन त्यांचं नाव. शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेल्या. अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. व्हॅनवाला तिशीतला आहे, दिल्शोद नावाचा, उझबेकिस्तानातून आलेला. तो फुटपाथवर बसून स्वतःच्या तोंडावर मारत होता. पोलिसानं आमचे जबाब घेतले. बाबा म्हणाले, "तो आमच्या आडवा घुसला." मी म्हटलं की मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, मला दिसलं नाही.

बाबा बरे आहेत. जेवतात, टीव्हीवरची मॅच बघतात. त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत.

तुझी,
पॉला


ड्युलुथच्या वाटेवर, लेक ह्यूरन
१९ ऑक्टोबर

पॉली,

डेट्रॉइटला टपालाची बोट येऊन लागली आणि तुझं पत्र दोरीच्या बादलीतून वर आलं. या पानावर डाग दिसतील ते वाटाण्याच्या सूपचे आहेत. लोखंडाची माती वाहणाऱ्या जहाजावर आचाऱ्याला स्वतंत्र टेबल मिळत नाही.

वाईट झालं. त्या बाईंसाठी मी काय म्हणणार. आमच्या कॅथलिक मुकादमानं जेवायच्या आधी त्यांचं नाव घेतलं.

आता तुझं बघू. तू तीन पानं लिहिलीस, पिशवी लिहिलीस, डोनट लिहिलास, आणि एक गोष्ट गाळलीस. मीही त्याच टेकडीवर वाढलोय, बाई. इथं मिनेसोटाच्या पोरांना मी मागे सांगितलं होतं, की आमच्या गावात हिरवा झाला तरी सरळ जाणारा जागचा हलत नाही, समोरच्या पहिल्या डावीकडे वळणाऱ्याला आधी जाऊ देतो, कारण गाड्या उजव्या बाजूनं चालतात, डावीकडे वळणाऱ्याला समोरची रांग कापावी लागते, नाहीतर बिचारा दिवा लाल होईपर्यंत अडकेल. पोरं हसून लोळली. म्हणाली, कायदा काय म्हणतो? मी म्हटलं, कायदा काहीही म्हणो, आमची आई बघत असते.

तर व्हॅन "आमच्या पुढून वळली" म्हणजे काय? कुणी हात केला असल्याशिवाय वळली? बाबांनी आयुष्यात एकदाही पहिल्या माणसाला अडवलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि चष्मा शोधत होतीस? तू चष्मा लावून झोपतेस. आई तो काढून ठेवायची.

सरळ लिही. मी पाण्यावर आहे, कुणाला सांगणार? माशांना?

डॅरिल


ग्रीनफील्ड
२८ ऑक्टोबर

प्रिय डॅरिल,

ओडेट ब्रॅक्स्टन गेल्या. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी. मी अंत्यविधीला गेले आणि चर्चच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहून परत आले. आत जायला आपण कोण?

तू विचारलंस म्हणून लिहिते. बाबांनी हात केला. त्यांचा तो नेहमीचा, स्टिअरिंगवरून दोनच बोटं उचलायची, जणू टोपी उचलतायत. हिरवा झाला, त्यांनी ब्रेक सोडला नाही, आणि बोटं उचलली. व्हॅनवाल्यानंही हात वर केला, आभार म्हणून, आणि पटकन निघाला. वाट दिली की रेंगाळायचं नाही हे तो इथं शिकला होता. रेंगाळणाऱ्याला आपण काय काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे.

पोलिसानं मला दुसऱ्यांदा विचारलं होतं, हे मी तुला लिहिलं नाही. तो म्हणाला, "ड्रायव्हर म्हणतो, तुमच्या गाडीतून त्याला जा म्हणून हात केला." माझ्याआधी बाबा म्हणाले, "हात-बित कुणी केला नाही." मग मी चष्म्याचं बोलले. तो माझ्या नाकावर होता. पोलिसानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

आता त्या माणसाच्या वकीलबाई फोन करतात. आरोपीला सरकारनं फुकट दिलेल्या वकील, आवाज दमलेला. त्या म्हणाल्या, "मिस हुदाक, सरकारचं म्हणणं असं आहे की त्यानं समोरची गाडी निघण्याआधी आडवं घुसून आपलं वळण आधी उरकायला बघितलं. म्हणजे बेदरकारपणा, म्हणजे काही वर्षं तुरुंग. कुणी वाट दिली असेल तरी तो चुकलाच, त्यानं रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांकडे बघायला हवं होतं. पण मग गुन्हा तेवढा मोठा राहत नाही. तुम्ही जरा आठवून बघाल?" नऊ डिसेंबरला सुनावणी आहे. त्याला दोन लहान मुली आहेत. मी म्हटलं, आठवून बघते. आठवायला काय आहे, डॅरिल?

बाबांनी रस्ता बदलला आहे. बेकरीच्या चौकातून जात नाहीत. टेकडीच्या मागच्या बाजूनं उतरतात, नदीकाठानं लांबून, सगळी वळणं उजवीकडची. मी एकदाच म्हटलं, "इकडून उशीर होतो." ते म्हणाले, "मग लवकर उठ."

त्यांचं वय त्या फाइलमध्ये आहे. हात कबूल केला की त्यांना गाडीची परीक्षा पुन्हा द्यायला लावतील, आणि ते पास होणार नाहीत. डाव्या डोळ्याचं तुला माहीत आहे. या टेकडीवर गाडीशिवाय म्हातारा माणूस म्हणजे खिडकीतला माणूस. शेजारचे स्टीव्ह वासिल आठवतात ना? किल्ली दिली त्या हिवाळ्यानंतर ते परत दिसलेच नाहीत.

एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला तो माणूस. मला सांग, असं वजन कसं करतात?

पॉला


ड्युलुथ
१० नोव्हेंबर

पॉली,

वजन करू नकोस. गप्प बस. हे माझं उत्तर आहे. पुढे वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचणारच आहेस, म्हणून लिहितो. हात म्हणजे काय कायद्याचा कागद आहे का? हात म्हणजे "मी हलत नाही" एवढंच. पुढचं बघायचं काम ज्याच्या हातात चाक त्याचं. बाहेरून आलेल्या माणसानं आमची एक लकब उचलली आणि अर्धीच उचलली, यात बाबांचा काय दोष? बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांनी कुणाला मारलं नाही. त्यांनी माणुसकी केली.

आता दुसरी गोष्ट. बंदरात फोन लागला म्हणून मी घरी केला. तू कामावर होतीस. मी बाबांना सरळ विचारलं. मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "हात पॉलीनं केला. मी फक्त थांबलो."

हे कसं लिहावं ते मला कळत नाही. तू खोटं बोलणारी नाहीस. बाबाही नाहीत. पण तू मला लिहिलंस दोन बोटं, टोपी, सगळं कसं बघितल्यासारखं. आणि पोलिसाला म्हणालीस दिसलं नाही. मग मी कुठलं धरू? तुला असं तर नाही ना वाटत, की म्हाताऱ्यावर गेलं तर फार होणार नाही?

रागावू नकोस. विचारायला हवं होतं म्हणून विचारलं.

डॅरिल


ग्रीनफील्ड
१७ नोव्हेंबर

डॅरिल,

रागावले. दोन दिवस. नंतर त्याहून वाईट झालं, मला शंका यायला लागली.

मी त्यांना विचारलं नाही. रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसते, नदीकाठानं जाते, आणि त्यांच्या हातांकडे बघते. ते माझ्याकडे बघत नाहीत. एकदा म्हणाले, "काय बघतेस? सगळी बोटं आहेत."

मग शुक्रवारी लायब्ररीतल्या जोसलिननं मला घरी सोडलं. ती बेकरीच्या चौकातूनच आली. तिला काय माहीत. आम्ही पहिल्या होतो. समोर एक लाल गाडी, डावीकडचा दिवा. हिरवा झाला. जोसलिन थांबली, हसली, मान हलवली. आणि मी माझा उजवा हात काचेसमोर बघितला. तळवा वर, बोटं हलवत, जा बाबा, जा. तो वर गेलेला मला कळलाच नव्हता. जोसलिनला विचारलं, "मी नेहमी असं करते?" ती म्हणाली, "सगळेच करतात. तू जरा जास्त करतेस. एखाद्या आजीसारखी."

मी घरी येऊन जिन्यातच बसले.

तर आता असं आहे. बाबांची दोन बोटं मला दिसली, हे मी शपथेवर सांगू शकते. माझा हात मला दिसला नाही, हेही सांगू शकते. पण तो वर गेला नव्हता, हे सांगू शकत नाही. मी बाबांचा हात का बघितला असेल? माझा स्वतःचा लपवायला? मी माझ्याच आठवणीची उलटतपासणी घेते आणि साक्षीदार दर वेळी वेगळं सांगतो. कामावर मी दुसऱ्यांच्या कागदांवर तारखा लावते, हे कधीचं, ते कुणाचं, आणि माझ्या मनातली एक सकाळ मला लावता येत नाही.

तू मला विचारलंस, म्हाताऱ्यावर गेलं तर फार होणार नाही असं वाटतं का. नाही वाटत. पण विचारलंस ते बरं केलंस. त्या आधी मी फक्त बाबांना तोलत होते.

वकीलबाईंचा निरोप फोनवर आहे. तो मी पुसत नाही आणि ऐकतही नाही.

पॉला


सू सेंट मेरी
२२ नोव्हेंबर

पॉली,

घाईत लिहितो, कालव्याच्या दारांतून जहाज पार होईपर्यंत.

मी पुन्हा फोन केला. मी चढ्या आवाजात बोललो, ते माझं चुकलं. म्हटलं, बाबा, पोरीच्या अंगावर का टाकताय? ते म्हणाले, "तिला कोण काय करणार आहे? तिच्याकडे गाडीचा परवानाच नाही. काढून घ्यायला काही नाही." मग म्हणाले, "माझी गाडी गेली तर ती बर्फात कामावर कशी जाईल?" बस आहे, मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

ते स्वतःला वाचवत नव्हते, पॉली. किंवा तेवढंच नव्हतं. मला माहीत नाही.

गप्प बस असं मी म्हटलं होतं. ते शब्द मी मागे घेत नाही, पण पुढेही ढकलत नाही. जे करशील ते थँक्सगिव्हिंग होऊ दे आणि मग कर. त्यांना एक टर्की शांतपणे खाऊ दे.

तुझा
डॅरिल


ग्रीनफील्ड
३० नोव्हेंबर

प्रिय डॅरिल,

टर्की त्यांनी शांतपणे खाल्ली. मी नाही. वासिलबाईंनी कोबी-शेवया पाठवल्या होत्या, तुझी खुर्ची आम्ही भिंतीला लावून ठेवली. जेवताना त्यांनी तुझ्या जहाजाची चौकशी केली, हवामानाची केली, बाकी कशाचीच नाही.

काल दुपारी आम्ही किराणा आणायला गेलो. पिशव्या मागे ठेवल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली नाही. पार्किंगमध्ये तसेच बसलो. काचेवर बर्फाचे बारीक दाणे पडत होते.

मी म्हटलं, "बाबा, डॅरिलनं मला लिहिलंय."

"तो बायकांसारखा बोलतो. स्वयंपाक करून करून."

"मी हात केला असं तुम्ही त्याला सांगितलंत."

"केलास."

"तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला पाहिजे? तू नेहमीच करतेस. तुझी आई करायची. मी बोटं उचलायचो आणि शेजारून तिचा अख्खा हात. मी तिला म्हणायचो, त्याला एकदा कळलंय गं, तो काय आंधळा आहे?"

"म्हणजे तुम्हीही केलात."

त्यांनी स्टिअरिंग धरलं. गाडी बंदच होती.

"केला," ते म्हणाले. "पॉली, मी तिला बघितलं."

मला आधी कळलंच नाही कुणाला.

"त्या बाईला. पिशवी घेऊन फुटपाथवरून उतरताना. बोटं उचलली आणि लगेच बघितलं. तो निघाला होता. त्याच्या काचेच्या बाजूच्या त्या जाड दांड्यामागे ती होती, त्याला दिसणार नाही हे मला कळत होतं. मी चाळीस वर्षं ट्रक चालवलाय, मला कळत नाही का?"

"मग?"

"मग काय. हॉर्न होता ना माझ्या हाताखाली. इथं, अंगठ्याखाली."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं.

"आधी जा म्हणायचं आणि मग त्याच्यावर हॉर्न मारायचा? असं मनात आलं, पॉली. माझ्या मनात हे आलं. कसं दिसेल. तेवढ्या वेळात झालं."

ते रडले नाहीत. मला वाटलं होतं रडतील, आणि मी काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आतून काच पुसली, जिथे वाफ धरली होती. आधी स्वतःच्या बाजूची. मग माझ्या बाजूची.

मी म्हटलं, "त्याच्या वकीलबाई आहेत. सुनावणी नऊ तारखेला आहे."

"त्याला मुलं आहेत?"

"दोन मुली."

"ब्रॅक्स्टनबाईंना?"

"एक भाचा. क्लीव्हलँडमध्ये."

मी त्यांना "चला, सांगू या" असं म्हणणार होते, आणि "नको, राहू द्या" असंही. दोन्ही वाक्यं तयार होती. डॅरिल, खरं सांगते, त्या क्षणी त्यांनी "गप्प राहू या" म्हटलं असतं तर मी राहिले असते. हे तुला माहीत असावं असं मला वाटतं. माझ्याबद्दल तू जे चांगलं धरून चालतोस, त्यातून एवढं वजा कर.

त्यांनी विचारलं, "सांगितलं तर तो सुटेल?"

"नाही. कमी होईल, असं त्या म्हणतात. तो घुसला नाही एवढं ठरेल."

"आणि मी बघितलं ते?"

"ते कुणी विचारणार नाही, बाबा. ते फक्त तुम्हाला माहीत आहे."

"तुलाही," ते म्हणाले. "आता."

मग त्यांनी गाडी सुरू केली. पार्किंगमधून बाहेर पडताना डावीकडे वळायचं होतं, घराकडे. समोरून गाड्यांची रांग येत होती आणि कुणीच थांबत नव्हतं. आम्ही दिवा लावून उभे राहिलो. मागच्यानं हॉर्न मारला. शेवटी समोरच्या गाडीतली एक मुलगी थांबली आणि तिनं हात केला. बाबा हलले नाहीत. तिनं पुन्हा केला, हसून. बाबांनी तिच्याकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे, आणि मान हलवून नाही म्हटलं. ती खांदे उडवून निघून गेली. मागचा माणूस खिडकीतून शिव्या देत होता. बाबा उजवीकडे वळले आणि आम्ही उलट्या दिशेनं, शहराला वळसा घालून घरी आलो.

रात्री जेवण झाल्यावर ते म्हणाले, "त्या वकीलबाईंना सांग, मी हॉर्नचंही सांगणार आहे. कुणी विचारलं नाही तरी."

मी म्हटलं, "त्यानं त्या माणसाला काही फायदा नाही."

"त्याच्यासाठी नाही."

गाडीच्या किल्ल्या त्यांनी मला दिल्या नाहीत आणि मी मागितल्या नाहीत. सोमवारी ते मला सोडतील. त्यानंतर किती सोमवार, ते आता दुसरे लोक ठरवतील.

तू आहेस तिथून काही करू नकोस. फक्त पुढचा फोन केलास तर त्यांना हवामान विचार, आणि त्यांनी सांगितलं तर पूर्ण ऐक.

पॉला

उद्या: वकीलबाईंना फोन करून भेटीची वेळ मागणे, दोघांसाठी.